मूळ आडनाव

आमच्या ऑफिसात नवा माणूस रुजू झाला की आधी एचआरला भेटायचा, मग कँटीन शोधायचा, आणि कँटीनमधून परत येताना त्याला आमचे एक वरिष्ठ गृहस्थ गाठायचे. चष्मा शर्टाच्या टोकाने पुसत विचारायचे, "आडनाव?" माणूस सांगायचा. "ते कळलं. मूळ आडनाव?" बहुतेक माणसं इथे गोंधळायची. समोरचा मराठी असला तर आणखी दोन प्रश्न यायचे, मूळ गाव कोणतं आणि कुलदैवत कोणतं. या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की जातीचा चौथा प्रश्न विचारावाच लागत नाही, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

त्यांचं स्वतःचं आडनाव मी इथे लिहिणार नाही. ते वाचून तुम्हीही लगेच काहीतरी ओळखल्यासारखी मान हलवाल, आणि मला तेच नको आहे.

दुबईतल्या एका मध्यम आकाराच्या बांधकाम सल्लागार कंपनीत ते कागदपत्र विभागाचे प्रमुख होते. इमारतींचे नकाशे आणि माणसांचे दाखले, दोन्ही त्यांच्या हाताखालून जायचे. आपल्याकडची पदवी इथे चालवायची तर तिच्यावर राज्य सरकारचा, दिल्लीचा, वकिलातीचा आणि इथल्या मंत्रालयाचा असे शिक्के घ्यावे लागतात. चार सरकारांनी शिक्के मारले तरी आमच्याकडे पाचवं सरकार खिडकीपाशी बसलेलं असायचं. ते कागद उजेडाला धरायचे, नाकाशी न्यायचे, ओल्या बोटाने शिक्क्याची कड चोळून बघायचे. सरकारी कचेऱ्यांची कामं करणारा आमचा मल्याळी सहकारी कंटाळून म्हणायचा, "सर, खलास कर दो, सब स्टॅम्प है." ते मान न उचलता म्हणायचे, "स्टॅम्प है, इसलिए तो देख रहा हूँ."

माणूस बोलतो, कागद सांगतो, हे त्यांचं लाडकं वाक्य. त्यांचा दोन्हींवर विश्वास नव्हता, पण कागदावर जरा कमी अविश्वास होता.

दुधाने तोंड पोळलं की लोक ताक फुंकून पितात. हे गृहस्थ पाणीसुद्धा फुंकून पीत. लिफ्टमध्ये शिरण्याआधी आत चिकटवलेल्या तपासणीच्या स्टिकरवरची तारीख वाचायचे आणि ती एक दिवस जरी उलटलेली असली तरी सहा मजले चढून यायचे. चहा शारजाच्या घरून थर्मासमधून आणायचे, आणि थर्मास ड्रॉवरमध्ये कुलूप लावून ठेवायचे. कोणी पेढे वाटले तर आधी कारण विचारायचे, मग दुकान, आणि मग म्हणायचे, मला शुगर आहे. शुगर त्यांना कधीच नव्हती. टॅक्सीत बसले की चालकाच्या ओळखपत्राचा फोटो काढायचे आणि मग त्याच्याशी गप्पा सुरू करायचे, त्या इतक्या की उतरेपर्यंत त्या पठाणाच्या आजोबांचं गाव, टोळी आणि टोळीच्या नावाचा अर्थ त्यांना तोंडपाठ झालेला असायचा. पठाण खुश असायचा. आपली चौकशी चालली आहे असं त्याला वाटतच नसे.

मला वाटायचं, आणि त्याला कारण होतं.

माझं आजचं आडनाव गावाच्या नावाला 'कर' लावून केलेलं आहे. दिसायला सोज्वळ, कोणाचंही असू शकेल असं. ते आमचं नाही. आमचं आडनाव वेगळं होतं. ते ऐकलं की समोरच्याला आमचं काम, आमची वस्ती आणि आमचा पाणवठा, सगळं एका दमात कळायचं. बाबा प्राथमिक शिक्षक होते. पुण्यात बदली झाल्यावर भाड्याच्या खोल्या तीन ठिकाणी आडनाव सांगेपर्यंत रिकाम्या होत्या आणि सांगितल्यावर भरल्या. माझ्या दहावीचा फॉर्म भरायच्या आधी बाबांनी सरकारी राजपत्रात जाहिरात देऊन आडनाव बदलून घेतलं. नवीन नावासाठी जे गाव निवडलं त्या गावात आमचं कोणीही नाही. बाबा तिथे दोन वर्षं मास्तर होते आणि तिथल्या लोकांनी त्यांना चांगलं वागवलं होतं, एवढाच संबंध. त्या दिवसानंतर जुनं आडनाव घरात उच्चारायचं नाही असा नियम झाला. बाबा गेले, पण नियम राहिला.

मी कंपनीत रुजू झालो त्या दिवशी त्यांनी पदवी मागितली, ती दिली. बारावी, दहावी दिली. मग म्हणाले, जन्मदाखला. तो कुठल्याच नियमात नव्हता, पण त्यांना लागायचा. जन्मदाखल्यावर जुनं आडनाव होतं, म्हणून त्यासोबत राजपत्राची प्रतही द्यावी लागली. ती त्यांनी उजेडाला धरली. सावकाश वाचली. माझ्याकडे एकदा बघितलं. मी पुढचा प्रश्न ऐकायला तयार होऊन बसलो होतो. त्यांनी प्रत घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवली, कुलूप लावलं आणि म्हणाले, "झालं. यल्ला, चला, तुमची सीट तिसऱ्या मजल्यावर."

जो माणूस पाणी भरायला येणाऱ्यालासुद्धा मूळ आडनाव विचारायचा, त्याने मला ते कधीच विचारलं नाही. पहिल्या दिवशी नाही, पुढच्या अकरा वर्षांत नाही.

हे मला फार जड गेलं. विचारलं असतं तर मी काहीतरी सांगून मोकळा झालो असतो. न विचारणाऱ्या माणसाचं काय करायचं? चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं. ते कँटीनमध्ये दुसऱ्या मराठी माणसाशी हळू आवाजात बोलताना दिसले की मी ताट उचलून त्यांच्या मागच्या टेबलावर जाऊन बसायचो. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणी मला वाढताना जरा घाईने पुढे सरकलं, तर यांनीच सांगितलं असणार, असं मी पक्कं ठरवून टाकायचो. नंतर कळायचं की त्या बाईंना पोळ्या संपायची काळजी होती. पण पुढच्या वेळी पुन्हा तेच. बायको एकदा वैतागून म्हणाली, "तू त्यांना घाबरतोस की त्यांच्यावर चिडतोस, ते एकदा ठरव." मी ठरवू शकलो नाही.

त्यांच्याकडे एक वही होती. जाड, निळ्या पुठ्ठ्याची, ऑफिसच्या स्टेशनरीतली. तिच्यात ते आडनावं लिहायचे. एका पानावर एक आडनाव, खाली मूळ, खाली अर्थ, आणि शेवटी ते कोणाकडून कळलं त्याची तारखेसह नोंद. मल्याळ्यांची घराण्यांची नावं, पंजाब्यांची गावं, अरबांच्या 'अल'पुढचं शहर किंवा टोळी, फिलिपिनो लोकांना जुन्या काळी स्पॅनिश साहेबाने यादीतून वाटलेली आडनावं, सगळं. त्यांच्या हिशेबाने जगातली आडनावं तीनच वाटांनी येतात. गावावरून, धंद्यावरून, नाहीतर कोणा राजाने दिलेल्या पदावरून. जे या तिन्हीत बसत नाही ते बनावट. मी एकदा धीर करून म्हटलं, "नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात." ते म्हणाले, "ऋषींनी आपल्याकडे अर्ज केला असता तर शोधलं असतं."

ती वही कोणालाही वाचायला मिळत नसे. तिच्यात माझं पान असणार याची मला खात्री होती, आणि त्या पानावर काय लिहिलं असेल याचे मी बसल्या बसल्या अनेक मसुदे करून बघितले होते. एकही बरा नव्हता.

मग एका ऑगस्टमध्ये आमच्या प्रकल्पावर नवीन इंग्रज मॅनेजर आला. उंच, उन्हाने लालेलाल झालेला, पन्नाशीच्या आतला. त्याचं आडनाव होतं लिचगेट.

त्यांनी ते ऐकलं आणि त्यांचा चष्मा पुसायचा हात थांबला. स्मिथ म्हणजे लोहार, कूपर म्हणजे पिंपं करणारा, हे त्यांच्याकडे कधीचं लिहून झालं होतं. लिचगेट कुठेच नव्हतं. आता आपल्या सवयीप्रमाणे त्यांनी हे गावाचं नाव धरलं. आपल्याकडे सावर्डेकर म्हटलं की कुठेतरी सावर्डे असतंच. तर इंग्लंडच्या नकाशावर कुठेतरी लिचगेट असलं पाहिजे. चार दिवस त्यांनी कॉम्प्युटरवर परगणे पालथे घातले. गाव सापडलं नाही. पाचव्या दिवशी मला बोलावून म्हणाले, "तुमच्या साहेबाचं गाव अस्तित्वात नाही."

मी म्हटलं, एखाद्या गेटावरून पडलं असेल. ते म्हणाले, "दाराला वंश नसतो."

त्यानंतर त्यांना अर्थ सापडला, आणि प्रकरण आणखी बिघडलं. जुन्या इंग्रजीत लिच म्हणजे प्रेत. चर्चच्या आवाराच्या तोंडाशी छप्पर असलेलं एक लाकडी दार असतं. अंत्ययात्रा आली की पाद्री येईपर्यंत शवपेटी त्या छपराखाली टेकवायची, म्हणून त्याला लिचगेट म्हणतात. "म्हणजे आपला विसावा," ते मला म्हणाले. "तिरडी खाली ठेवायची जागा. कोण माणूस आपलं कूळ तिरडीच्या जागेवरून सांगेल? हा कोणापासून तरी पळून आलेला आहे. मूळ नाव लपवलंय."

लपवलंय हा शब्द त्यांनी माझ्याकडे बघून उच्चारला, असं मला वाटलं. कदाचित त्यांनी फक्त समोर बघितलं असेल, आणि समोर मी होतो.

त्यांनी लिचगेटची फाइल अडवली. पदवी खरी आहे का हे विचारणारं पत्र त्याच्या विद्यापीठाला पाठवलं, आणि तिकडे तर उन्हाळ्याची सुट्टी. फाइल पुढे सरकेना म्हणून त्याचा रहिवासी व्हिसा अडला, आणि त्याचा अडला म्हणून बायको-मुलांचा. त्याने अल बर्शात फ्लॅट घेऊन ठेवला होता, दोन्ही मुलांना शाळेत जागा मिळालेली होती, आणि शाळा सुरू व्हायला बारा दिवस उरले होते. तो कोणावर ओरडला नाही. रोज सकाळी मला विचारायचा, काही कळलं का, आणि मी रोज म्हणायचो, इन्शाल्ला. असं म्हणताना माझीच मला लाज वाटायची, कारण फाइल का अडली आहे ते मला माहीत होतं.

शेवटी तो स्वतःच म्हणाला, मला त्या गृहस्थांना भेटायचंय. मी घेऊन गेलो. त्यांनी त्याला खुर्ची दिली, वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि सरळच विचारलं, "सर, व्हॉट इज युअर ओरिजिनल सरनेम?"

लिचगेट म्हणाला, हेच.

"बिफोर दिस?"

"याच्या आधीचं माहीत नाही," तो म्हणाला. आणि मग गाडी कुठे लावली ते सांगावं इतक्या सहज त्याने पुढचं सांगितलं. चार-पाच पिढ्यांपूर्वी एका खेड्यातल्या चर्चच्या लिचगेटखाली एक तान्हं मूल टोपलीत सापडलं. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आडनावाचा रकाना होता आणि पाद्र्याला काहीतरी लिहिणं भाग होतं. जिथे मूल सापडलं तेच त्याने लिहून टाकलं. त्या मुलापासून हे सगळे लिचगेट. जगात मिळून वीसेक असतील, आणि सगळे एकमेकांना ओळखतात.

त्याने फोनवर फोटो दाखवला. चार खांब, वर कौलारू छप्पर, मागे थडगी. मी खालच्या पायरीकडे बघत राहिलो.

"तिथेच का ठेवलं असेल?" हे त्यांनी विचारलं, आणि तो प्रश्न त्यांच्या नेहमीच्या प्रश्नांतला नव्हता.

लिचगेट म्हणाला, "आमच्या घरात सांगतात की त्या रात्री पाऊस होता. सबंध गावात उघड्यावर असलेलं छप्पर तेवढंच. जी कोण होती, तिने छप्पर बघून ठेवलं."

त्यांनी फोन हातात घेऊन ते छप्पर मोठं करून बघितलं. मग विचारलं, लोक विचारत नाहीत का, की मूळ कोणाचे? लिचगेट म्हणाला, विचारतात. मग तुम्ही काय सांगता? तो हसला. "सांगतो की माहीत नाही. आमचं तिथून सुरू होतं."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. वहीत त्या वेळी काहीच लिहिलं नाही. फाइल दुपारी पुढे गेली. जाताना स्वतःच्या हाताने त्यांनी तिच्यावर चिठ्ठी लावली की पडताळणी पूर्ण झाली. मुलं शाळेच्या पहिल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी विमानतळावर उतरली.

त्या भेटीनंतर जिन्यात लिचगेटने मला विचारलं, तुझ्या आडनावाचा अर्थ काय? मी सांगितलं, अमुक गावचा माणूस. तो म्हणाला, मजा आहे, म्हणजे तुला आपलं गाव माहीत आहे. मी हो म्हणालो. टोपलीत सापडलेल्या मुलाचा खापरपणतू खरं बोलला होता, आणि शंभर पिढ्या पाठीशी असलेला मी जिन्यात उभा राहून थाप मारत होतो. हे मला तेव्हाच कळलं, पण तोंडातून शब्द निघून गेला होता.

त्याच वर्षी, महिन्याभराने, अल बर्शात गणपतीला जायचं होतं. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली होती, म्हणून शारजाहून मी त्यांना घेऊन गेलो. माझ्या मुलीची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती, त्यामुळे ती आणि बायको घरीच राहिल्या. गाडीत बसताना त्यांनी टायर बघितले.

यजमान एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. घर माणसांनी भरलेलं, आरती झालेली, हातात प्रसाद. पाच-सहा पुरुष कोंडाळं करून बसले होते आणि बोलणं गावांवर आलं, जसं ते येतंच. यजमान मला म्हणाले, "तुमच्या गावचे माझे एक मित्र आहेत. ते म्हणतात, आमच्या गावात तर या आडनावाचं एकही घर नाही. तुमचं मूळ आडनाव हेच का हो?"

आवाजात वाकडं काही नव्हतं. पण कोंडाळ्यातल्या दोघांनी मान वर केली, आणि मग त्या दोघांनी त्यांच्याकडे बघितलं. आडनावांच्या बाबतीत इथल्या मंडळींत त्यांचा शब्द शेवटचा मानला जायचा. मला वाटलं, आलं. आठ-नऊ वर्षं ज्याची वाट बघितली ते, गणपतीसमोर आणि खिरापत हातात असताना.

ते माझ्याआधी बोलले. "मूळ हेच. मी कागद पाहिलेत."

विषय संपला. यजमान पार्किंगबद्दल बोलायला लागले. एका शिक्क्याची कड पुसट दिसली म्हणून जो माणूस तीन-तीन आठवडे फाइल अडवायचा, त्याने चारचौघांत एका वाक्यात माझ्यासाठी खोटं सांगितलं होतं.

मला कृतज्ञता वाटायला हवी होती. मला राग आला. परत येताना शारजाच्या रस्त्यावर गाड्या नेहमीसारख्या तुंबलेल्या होत्या, आणि त्या गर्दीत मी त्यांना विचारलं, "तुम्ही खोटं का बोललात?"

"खोटं नाही बोललो. राजपत्र हा सरकारी कागद आहे. सरकारने हे म्हटलं तर मूळ हेच."

"तुम्हाला वाटलं मला लाज वाटेल."

त्यांनी सीटचा पट्टा जरा सैल केला. "वाटली नसती का?"

वाटली असती. पण ती माझी मी बघितली असती. तुम्ही तिच्यावर पांघरूण घातलंत म्हणजे ती खरंच झाकण्यासारखी आहे हे तुम्हीही मान्य केलंत, असं काहीसं मला म्हणायचं होतं. ते मला तेव्हा नीट मांडता आलं नाही. मी नुसतं म्हटलं, "लिचगेटला वाटली नाही." ते म्हणाले, "हो. मी तेव्हापासून तोच विचार करतोय." पुढे त्यांच्या इमारतीपर्यंत आम्ही रेडिओ ऐकत गेलो.

मनातून संशय मात्र गेला नाही. उलट एक नवीन आला. आता या माणसाचं माझ्यावर ओझं आहे आणि ते कधीतरी वसूल होणार, असा. माझ्यासारख्याच्या मनात संशयाला एकदा जागा मिळाली की तो भाडं न देता राहतो. पण इतकं खरं की लिचगेटनंतर त्यांचा प्रश्न बदलला. नवीन माणसाला ते आता मूळ आडनाव विचारत नसत. "तुमचं कुठून सुरू होतं?" असं विचारायचे. कोणी विमानतळापासून म्हटलं तर तेही लिहून घ्यायचे, असं ऑफिसात लोक चेष्टेने म्हणायचे.

आणखी दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. व्हिसा रद्द झाला, शारजाचं घर आवरलं, सामान सांगलीला रवाना झालं. निरोपाला केक आणला होता. त्यांनी खोक्यावरची मुदतीची तारीख वाचली, सगळ्यांसमोर, आणि मग तुकडा घेतला. सगळे हसले. तेही हसले, पण तुकडा थोडासाच खाल्ला.

संध्याकाळी पाचला त्यांनी मला बोलावलं. टेबल रिकामं होतं. ड्रॉवरचं कुलूप काढून त्यांनी एक पाकीट पुढे केलं. आत माझ्या राजपत्राची प्रत होती, अकरा वर्षांपूर्वीच्याच घडीची.

"ही फाइलला लावली नव्हती," ते म्हणाले. "फाइल दहा हातांतून जाते. एचआरमध्ये दोन आपले मराठी लोक आहेत. जन्मदाखलाही आत आहे. नियमात लागत नाहीत हे कागद."

"मग मागितले कशाला?"

"मला बघायचे होते." त्यांनी हे अजिबात न शरमता सांगितलं.

अकरा वर्षं जे घशाशी होतं ते मी तेव्हा विचारलं. "सगळ्यांना विचारलंत. मला कधी का नाही विचारलंत?"

ते म्हणाले, "विचारलं असतं तर तुम्ही खोटं बोलला असतात. मग मला तुमच्या बाकीच्या कागदांवरही संशय घ्यावा लागला असता. तुमचे बाकीचे कागद चांगले होते."

मग त्यांनी निळी वही काढली, पानं उलटली आणि वही माझ्याकडे फिरवली. ज्या पानाचे मी इतके मसुदे केले होते ते पान. वर, त्यांच्या वळणदार अक्षरात, आमचं जुनं आडनाव लिहिलेलं होतं. बाबांनी राजपत्रात दिल्यानंतर ते मी कोणाच्या हस्ताक्षरात पाहिलं नव्हतं. तुच्छता नाही, खूण नाही, खाली रेघ नाही. पठाणांच्या आणि मल्याळ्यांच्या आडनावांसारखंच एक आडनाव. त्याखाली 'मूळ' आणि पुढे कोरं. 'अर्थ' आणि पुढे कोरं. तारीखही नाही.

"हे एकच पान राहिलंय," ते म्हणाले. "अर्थ ज्याच्या त्याच्याकडूनच लिहून घ्यायचा असतो. पुस्तकात लोकांनी तुमच्याबद्दल जे लिहिलंय ते मी वाचलं. ते मला नकोय. आता मी कंपनीत नाही, म्हणून विचारतो. हे कुठून सुरू होतं?"

त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि थांबले.

मी तोंड उघडलं आणि मला कळलं की मला माहीत नाही. त्या नावाने लोक काय समजायचे ते मला पाठ होतं. खोली कशी भरायची, शाळेतला एक मास्तर हजेरी घेताना कसा थांबायचा, ते सगळं. पण त्या शब्दाचा अर्थ काय, ते आमच्याकडे कसं आलं, कोणी पहिल्यांदा घेतलं की कोणी दिलं, यातलं काहीच मी कधी विचारलं नव्हतं. नाव लपवण्यात आमच्या दोन पिढ्या इतक्या गुंतल्या की आत काय आहे ते बघायचंच राहून गेलं. बाबांना माहीत असेल. बाबा नाहीत.

"माहीत नाही," मी म्हटलं. लिचगेटचेच शब्द, पण माझ्या तोंडून ते तसे निघाले नाहीत. माझे डोळे भरून आले आणि त्या माणसासमोर भरून यावेत याचा मला संतापही आला.

त्यांनी मला पाणी दिलं, स्वतःच्या थर्मासच्या झाकणातून. अकरा वर्षांत त्या थर्मासला दुसऱ्या कोणाचं तोंड लागल्याचं मी बघितलं नव्हतं. मग त्यांनी पट्टीने धरून ते पान वहीतून नीट फाडलं, घडी केली आणि राजपत्राच्या पाकिटात घातलं. "कळलं की तुम्हीच लिहा," ते म्हणाले. "तारीख घालायला विसरू नका."

ते सांगलीला गेले. पोचल्याचा फोन आला, नंतर दिवाळीचा. दोन्ही वेळा त्यांनी विचारलं नाही, आणि या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते वारल्याचं कळलं. मी ती बातमी लिचगेटला सांगितली. तो म्हणाला, त्यांनी मला नंतर एकदा बोलावून सगळं पुन्हा सांगायला लावलं होतं आणि तीन पानं लिहून घेतली होती. पाऊस होता हे त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतलं, म्हणाला.

त्या शुक्रवारी मी पाकीट काढून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. मुलीने पान उघडलं, वरचा शब्द वाचला आणि म्हणाली, "हूज नेम इज धिस?" मी म्हटलं, आपलं. तिने एकदा माझ्याकडे आणि एकदा आईकडे बघितलं. "ओके. सो व्हाय इज द रेस्ट ब्लँक?"

गावाकडे आता फक्त आत्या आहे. बाबांची थोरली बहीण, ऐंशीच्या पुढची, ऐकू नीट येतं. मी तिला फोन लावला, खुशाली झाली, गुडघे झाले, ऊन झालं. मग मी आमचं जुनं आडनाव पंचवीस-तीस वर्षांत पहिल्यांदा तोंडाने उच्चारलं आणि विचारलं की आत्या, हे आपल्याला कुठून आलं, त्याचा अर्थ काय.

पलीकडे मागचा टीव्ही कोणीतरी बंद केला. मग आत्याचा आवाज आला, बारीक आणि सावध, मी आयुष्यभर ज्या आवाजात बोलत आलो तसाच.

"कोण विचारतंय रे?"

टेबलावर पान उघडं होतं आणि मुलगी पेन घेऊन बसली होती.

"मीच विचारतोय, आत्या," मी म्हटलं.